दुसरी सही

हॅलो? … हॅलो, टेलरचं दुकान. बोला… अहो, बोला की… कोण आहे?

हे बघा, मागच्या महिन्यात असाच एकजण फोन करून नुसता श्वास सोडत बसायचा. मी दिवसभर हातात कात्री घेऊन बसलेली बाई आहे, आधीच सांगून ठेवते…

हं? ही घंटी कसली? … पुन्हा वाजवा बघू… अगं बाई! बाई, तुम्ही? वादविवादाच्या बाई? माझ्या पोरीच्या, टकळीच्या?

बोलू नका! खबरदार तोंडातून शब्द काढलात तर! डॉक्टरांनी सोमवारपर्यंत कुजबुजायलासुद्धा बंदी केलीय ना तुम्हाला? … घशाचं ऑपरेशन म्हणजे काय बटण लावण्याइतकं सोपं वाटलं काय? … असं करू या. घंटी एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नाही. चालेल? … एकदा. झालं तर मग. आणि ही आपल्या सरावाचीच घंटी ना, शाळेच्या टेबलावरची? … घरी घेऊन गेलात? … हो! म्हणजे वाचा गेली तरी घंटी सुटली नाही.

हसलात ना? फुस्स ऐकू आलं मला. हसायचं पण नाही, ताण पडतो.

गिळताना दुखतं का अजून? … दोनदा. छान. भूक लागते? … हो. झोप? … एकदा… आणि दोनदा… म्हणजे? … बरं, थोडी लागते, थोडी नाही. कळलं मला. आमच्याकडेही कालची रात्र तशीच गेली.

हो, हो, तिचा फोन बंद आहे, माहितीय. तुम्ही मेसेज पाठवले असतील. तीन? … चार? … वाजवत राहू नका नुसतं, मी मोजतेय… सात! अरे देवा. म्हणून शेवटी दुकानच्या फोनवर आलात होय. सांगते. सगळं सांगते, निकालसुद्धा सांगते. पण बाई, आधी मला माझं बोलू द्या. मला तुमचे आभार मानायचेत आणि ते मी आज मानले नाहीत तर पुन्हा धीर होणार नाही.

नाही, वाजवू नका. निकाल कुठं पळून जातोय? ऐका ना…

एक मिनिट हं बाई… काय दादा? … ट्रायलच्या खोलीत आत्ता नाही जाता येणार. आत माणूस आहे. … अहो, पँट कुठं जातेय, शिवून तयारच आहे तुमची, पाच मिनिटं बसा त्या स्टुलावर. … दहा मिनिटं बसा.

गिऱ्हाईक आलंय. बसू दे. … आत कोण आहे म्हणता? तुम्ही कुठं म्हणता, मीच म्हणतेय. टकळीच आहे आत. दोन तास झाले, पडदा ओढून बसलीय. अक्षर बोलली नाही. जिला जन्मल्यापासून घर टकळी म्हणतं, ती दोन तास गप्प! पण ते नंतर. क्रमानं सांगू द्या, नाहीतर माझा गुंता होतो.

तर तुमची ती चिठ्ठी. ऑपरेशनला जाताना तिच्या हातात दिलीत ती. मी पाटाखाली ठेवलीय, मशीनच्या पाटाखाली. पाठ आहे मला. 'आता सराव घरी. विरोधी पक्ष आई. गणवेशातलं तिच्याइतकं कुणाला कळतं?' बाई, खरं सांगू? मी म्हटलं, ऑपरेशन घशाचं आहे की डोक्याचं? … हसू नका म्हटलं ना! सातवीतून शाळा सोडलेली बाई मी. मला म्हणे विरोधी पक्ष करा! आणि विषय काय, तर 'शाळेतला गणवेश बंद करावा'. त्यात स्पर्धेत बाजू ठरवायची चिठ्ठी आमच्या पोरीनं उचलली, तर वाट्याला बाजू कुठली आली? बंद करावा! आई कोण, तर त्याच शाळेचे गणवेश शिवणारी. शेजारचे बटणवाले काका म्हणाले पण, 'वहिनी, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच.' मी म्हटलं, काका, बटणं तुमचीच लागतात त्या गणवेशाला, तुम्हीही कटात आहात.

हो, हो… येते मुद्द्यावर. तुम्हाला हे सगळं माहितीय, पण माझ्या बाजूनं कुठं माहितीय?

तर पहिल्या संध्याकाळी ती उलटी वही घेऊन बसली. पुढून आपले मुद्दे, वही उलटी करून मागून समोरच्याचे. आणि मला तुमचा नियम सांगितला, अगदी तुमच्या आवाजात, भुवया वर करून… करता तुम्ही तसं, नाही म्हणू नका! … म्हणे, समोरच्याचा मुद्दा इतका चांगला लिहायचा, की त्यानंच वाचून खाली सही केली पाहिजे, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.' ती पहिली सही. मग त्याखाली आपलं उत्तर. त्या उत्तरावर समोरच्याकडे बोलायला काही उरलं नाही, की त्यानं दुसरी सही करायची. दोन सह्या झाल्या की पान पक्कं. मी म्हटलं, म्हणजे वकीलही मीच आणि साक्षीदारही मीच?

पहिला मुद्दा तिनं लिहिला, 'गणवेशामुळे समानता निर्माण होते.' माझ्यापुढं वही सरकवली, सही कर. मी वाचलं. म्हटलं, हे कुणी लिहिलंय? मी नाही हे म्हणणार. अगं, मी मापं घेते रोज. कुणाचा स्कर्ट दरवर्षी नवा आणि कुणाचा उसवून खाली सोडलेला, ते मला दारातून दिसतं. स्कर्टच्या आत मी चार बोटं माया ठेवते, कापड दुमडून, पोर उंच झाली की सोडायला. पण सोडला की जुन्या घडीची रेघ राहते. तिथलं कापड गडद, बाकीचं विटलेलं. किती का इस्त्री करा, जात नाही. तीनदा सोडला की तीन रेघा. वर्गातल्या सगळ्या पोरींना त्या मोजता येतात, म्हटलं, समानता कसली डोंबलाची!

आणि बाई, ही भराभरा लिहायला लागली. पण मागून नाही, पुढून! म्हणते, 'आई, अगं तू विरोधी पक्ष आहेस, आणि मुद्दे मला पुरवतेयस!' … हसलात. जाऊ दे, आता हसाच. मला पण त्या दिवशी मशीनवर डोकं ठेवून हसू आलं.

पण मग मी पेटले. दुसऱ्या दिवसापासून मी सोडलं नाही तिला. सकाळची दहा मिनिटं वाचतात, लिही. सहलीत चुकलेलं पोर लांबून ओळखू येतं, लिही. ती उत्तर द्यायची, मी म्हणायची पटलं नाही, सही नाही, जा. बटणवाले काका चमच्यानं ग्लास वाजवायचे, चार मिनिटांना एकदा, पाचला दोनदा. ते तिच्या बाजूचे होते, तिला सहा मिनिटं द्यायचे, मी पकडलं त्यांना. आणि आमचे हे! कामावरून आले की नेहमी मुकाट्यानं जेवून झोपणारा माणूस, तो हातपाय न धुता स्टुलावर बसून म्हणतो, 'तुझ्या आईचा मुद्दा बिनतोड आहे.' लग्नाला अठरा वर्षं झाली, बाई. बिनतोड म्हणे!

माझ्या सह्या सांगू किती झाल्या? चव्वेचाळीस. मोजल्यात मी. बँकेत एक सही करायची तर मला घाम फुटतो. इथं चव्वेचाळीस ठोकल्या.

तर आभार त्याचे, बाई. या दुकानात बावीस वर्षं बसलेय. माणसं येतात, विचारतात, कधी देणार? किती घेणार? सैल होईल का? कुणी आजवर असं विचारलं नव्हतं, की तुझं म्हणणं काय आहे? आणि विचारून लिहून घेतलं नव्हतं. आणि लिहून वर सही मागितली नव्हती, की बघ, हेच म्हणायचंय ना तुला? अकरा दिवस माझ्या पोरीनं माझं ऐकून घेतलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. हे तुम्ही घडवलंत. गप्प राहून घडवलंत. मी कशी…

नाही, रडत नाहीये. टाचणी टोचली.

हं, वाजली. एकदाच वाजवलीत ना? … हो. ऐकतेय मी पण.

आता शेवटच्या पानाचं. ते तुम्हाला माहीत नाही. टकळीनं सांगितलं नव्हतं ना? … दोनदा. वाटलंच.

परवा संध्याकाळी ती म्हणाली, 'आई, अजून एक मुद्दा दे. सगळ्यात मोठा.' मी म्हटलं संपले. ती म्हणाली, 'बाई म्हणतात, सगळ्यात मोठा मुद्दा माणूस शेवटपर्यंत खिशात ठेवतो.' असं म्हणता तुम्ही? … हो. मग तुमच्यामुळंच आलं ते बाहेर.

मी सातवीत असताना आमच्या शाळेला गणवेश नव्हता. ज्याचं जे असेल ते घालून यायचं. माझ्याकडे धड असा एकच फ्रॉक. हिरवा. आई तो रात्री धुवायची, सकाळी ओलसरच अंगावर चढवून मी शाळेत. रोज तोच. पोरी मला पोपट म्हणायच्या. म्हणेनात का. पण एक दिवस गुरुजींनी प्रश्न विचारला, मला उत्तर येत होतं, मी हात वर करून उभी राहिले, तोंड उघडलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, 'पोपट बोलला!' अख्खा वर्ग हसला, बाई. गुरुजीसुद्धा ओठ दाबत होते. मी खाली बसले. दुसऱ्या दिवशी घरी सांगितलं, पोटात दुखतंय. तिसऱ्या दिवशी पण. कुणी बोलवायला आलं नाही. मग काय, संपलं ते. मावशीच्या मशीनवर जाऊन बसले.

हे मी पोरीला कधी सांगितलं नव्हतं. ह्यांना पण नाही. म्हटलं, लिही. गणवेश असता तर तुझी आई शिकली असती. आता दे उत्तर.

तिनं लिहिलं. सगळं जसंच्या तसं. मी सही केली. आणि खाली उत्तराची जागा, ती कोरी. काल दिवसभर कोरी. रात्री म्हणाली, 'आई, याला उत्तर नाही माझ्याकडे. पण हा मुद्दा समोरच्यांना कुठं माहितीय? मी काढणारच नाही तो.' मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मलाही नकोच होतं ते सगळ्यांपुढं.

हो, हो… आजचं. आजचंच सांगतेय आता.

काय दादा? … हो, पँट तिथंच स्टुलावर ठेवा. नाही, खोली अजून… तुम्ही ऐकताय वाटतं सगळं? … बरं, ऐका. तुमची बहीणच समजा.

तर सभागृह हे एवढं मोठं. मी मागून दुसऱ्या रांगेत. घाईत गेले, गळ्यात टेप तशीच लटकतेय, तिथं बसल्यावर कळलं. समोरच्या शाळेचे दोघं कोटातले. चांगले बोलले हं, नावं ठेवणार नाही. ते समानतेवर आले, आणि टकळी उठली. माईकच्या बाजूला झाली, बाई. टेबलाच्या पुढं येऊन आपला स्कर्ट दोन बोटांनी जरासा धरला आणि म्हणाली, 'परीक्षकांनी कृपया या रेघा मोजाव्यात. तीन आहेत. हा माझ्या आईनं तीनदा सोडलाय आणि ती या गावातली सगळ्यात चांगली टेलर आहे. तिलासुद्धा या रेघा लपवता आल्या नाहीत.' परीक्षक पुढं वाकून मोजायला लागले! टाळ्या काय, टाळ्या! त्या कोटातल्या एकानं खाली वाकून स्वतःची पँट बघितली.

मला तर वाटलं, करंडक इथंच खिशात.

मग शेवटची फेरी. प्रतिवाद. पाच मिनिटं. चार मिनिटांची घंटा झाली, ती एकदा वाजते ती. तिचं सगळं बोलून झालं होतं. बसली असती तरी चाललं असतं. पण हिनं हातातले कागद ठेवले खाली. म्हणाली, 'समोरच्या मित्रांनी त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा मांडलाच नाही. तो मी मांडते.'

कळलं ना तुम्हाला? … हो. तोच. माझं नाव नाही घेतलं, 'एक मुलगी होती' म्हणाली. हिरवा फ्रॉक. ओलसर. पोपट. सगळं. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेले. आणि ती 'त्या मुलीची शाळा सुटली' म्हणाली, एक क्षण थांबली, 'याचं उत्तर असं आहे की' म्हणाली, आणि घंटा वाजली. दोनदा.

हो ना! मुद्दा समोरच्यांचा, आपल्या तोंडून, बिनतोड मांडला, आणि उत्तराला वेळच नाही! तुमच्या हाताखालचं पोरच असली चूक करू शकतं, दुसऱ्या कुणाची छाती नाही. सूत्रसंचालक म्हणाले, 'धन्यवाद, वेळ संपली.' आणि तेवढ्यात मागून कुठलं तरी कार्टं ओरडलं, 'अगं, पण तू नक्की कुणाच्या बाजूची?'

आणि हसले, बाई. सगळे हसले.

माझी पोर तिथं उभी. तोंड अर्धवट उघडं. आणि तो हसण्याचा आवाज… तीस वर्षांपूर्वीचाच होता तो. मला ओळखू आला.

पुढं… पुढचं मला सांगायला लाज वाटते. तुम्ही रागवाल. … दोनदा वाजवलीत, पण रागवाल.

मी उठले. कशी उठले मला ठाऊक नाही. खुर्ची मागं पडली धाडकन. आणि मी ओरडले, 'गप्प बसा! हसायला काय झालं? ती बोलतेय ना? गप्प बसा सगळे!' गळ्यात टेप, आणि ही एवढी मोठी आरोळी. परीक्षकांच्या हातातलं पेन पडलं. सगळं चिडीचूप.

मग सूत्रसंचालक नियम वाचतात. स्पर्धकाच्या बाजूच्या माणसानं व्यत्यय आणला तर पाच गुण वजा.

हरलो, बाई. तीन गुणांनी.

म्हणजे तिनं जिंकलेलं मी घालवलं. तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावरून उठून सात मेसेज करताय, तिनं वर्षभर जीव ओतला, आणि मी एका ओरडण्यात… हे होतं सांगायचं. आभार आधी मानले ते म्हणूनच. नंतर तोंड राहिलं नसतं.

बाई? … आहात ना? … काहीतरी वाजवा. दोनदा वाजवा, दहादा वाजवा, पण वाजवा…

एकदा? … एकदा म्हणजे काय? बरोबर केलं म्हणता? … एकदा. नाही, मला बरं वाटावं म्हणून वाजवू नका. … दोनदा. म्हणजे त्यासाठी नाही. … बाई, तुम्ही थोर आहात, पण करंडकाचं मला खरंच एवढं नाही. मला आतल्या पोरीचं भ्या वाटतंय. येताना रस्ताभर एक शब्द नाही. घरी नाही गेली, इथं आली, दप्तर घेऊन पडद्याआड बसली. मी म्हटलं, चुकलं माझं. पाणी ठेवलं, ते तसंच आहे. मी पण अशीच बसले होते हो! एक दिवस, दोन दिवस. आणि मग आयुष्यभर. हिनं जर बोलणं सोडलं, आणि माझ्यामुळं सोडलं, तर मी कुठल्या तोंडानं…

थांबा. पडदा हलला.

थांबा, थांबा… आली बाहेर. डोळे सुजलेत. … काय गं? … बाईंचा फोन आहे. बोलतेस? … मान हलवतेय, नको म्हणतेय. … काय देतेयस? … वही? … बाई, उलटी वही दिलीय माझ्या हातात. शेवटचं पान आहे. … वाचू? मोठ्यानं? … अगं, तूच वाच की, मला कुठं तुझं अक्षर… बरं, बरं. डोळे काय वटारतेस? वाचते.

बाई, माझं वाचन जरा अडखळतं हं. घंटा लावू नका मला.

'उत्तर. हा मुद्दा खरा आहे. मी तो खोटा ठरवणार नाही. पण त्या मुलीची शाळा फ्रॉकमुळं सुटली नाही. वर्गात चाळीस जण हसले, आणि गप्प बसा असं म्हणायला एकही जण उठला नाही, म्हणून सुटली.'

…

आहे, आहे मी. पाणी पिते जरा. … वाचते.

'आज आम्हाला गणवेश आहे. तरी आम्ही हसतो. बुटांना हसतो, डब्याला हसतो, बोलण्याला हसतो. सगळ्यांना एकसारखे कपडे घालणं सोपं होतं, म्हणून ते मोठ्या माणसांनी केलं. उठून उभं राहणं अवघड होतं. ते कुणीच करत नाही.' हे इथपर्यंत निळ्या शाईत आहे. … कधी लिहिलंस हे? … आज सकाळी? म्हणजे उत्तर होतं तुझ्याकडे! आणि मला सांगितलं नाहीस? … म्हणते, तुला तिथंच ऐकवायचं होतं.

बाई, आता खाली पेन्सिलीनं आहे. आत बसून लिहिलंय वाटतं. 'वरचं शेवटचं वाक्य मी खोडते आहे. ते सकाळी खरं होतं, दुपारी खोटं झालं. कारण आज एक बाई उठली. गळ्यात टेप घेऊन. जे तीस वर्षांपूर्वी तिच्यासाठी कुणी म्हटलं नाही, ते तिनं म्हटलं. पाच गुण गेले. माझं उत्तर मला पाच मिनिटांत सांगता आलं नसतं, ते तिनं दोन शब्दांत सांगितलं. पाच गुणांत फार स्वस्त पडलं.'

…

नाही बाई. या वेळी टाचणी नाही.

ये गं इकडं. ये… अगं, मला वाटलं तू माझ्यावर… रागावली नाहीस? … काय म्हणतेस? … म्हणते, रागानं नाही, रडू आवरेना म्हणून आत बसले, आणि मग लिहायला लागले तर वेळेचं भानच राहिलं नाही. दोन तास, बाई! आणि मी इथं अर्धी झाले!

बाई, हे काय चालवलंय? किती वाजवताय! एकदा नाही, दोनदा नाही, थांबतच नाही ती घंटी… ऐक गं, कान लाव. तुझ्यासाठी वाजतेय. … अहो, शेजारी येतील तुमचे!

हो, हो, आहे लक्षात. खाली जागा कोरी आहे. दुसऱ्या सहीची. थांबा, मी विरोधी पक्ष आहे, मला विचार केला पाहिजे. यावर माझ्याकडे बोलायला काही उरलंय का? …

नाही, बाई. काही नाही उरलं. तीस वर्षं धरून ठेवलं होतं, तेसुद्धा नाही.

पेन कुठं गेलं? … दादा, तुमच्या खिशातलं द्या जरा… तुम्ही कशाला डोळे पुसताय? … हं. झाली सही. पंचेचाळीसावी. सगळ्यात वाकडी हीच आलीय, पण चालेल ना? … एकदा. चालेल म्हणतात गं.

सोमवारी येताय ना शाळेत? … हो. टकळी, बाई सोमवारी येतायत, येणार ना तू सरावाला? … ऐकलंत? 'विषय काय आहे' म्हणते! आता झाली सुरू, एका दमात तीन प्रश्न विचारतेय… अगं, त्यांना बोलायची बंदी आहे, तुला नाही, हा घे फोन… नको? सोमवारीच? … बरं.

ठेवते बाई. पुन्हा एकदा आभार. … दोनदा वाजवलीत? आभार नकोत म्हणता? ते काही चालणार नाही. त्यावर माझी सही आहे.

हं, ठेवते… या दादा, जा आत, बघा घालून. रिकामी झाली खोली.